ओटा नसलेल्या घरातला गॅस



स्मृतिव्याख्यानाला गॅसची शेगडी हा विषय कुणाला अंमळ घरगुती वाटेल. अशा व्यासपीठावर राष्ट्र, संस्कृती, लोकशाही असे भारदस्त शब्द शोभतात. शेगडी, नळी, रेग्युलेटर ही मंडळी स्वयंपाकघरातच बरी, असा आपला शिरस्ता आहे. पण १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या नंदुरबार जिल्ह्यात गेल्या दशकभरात थेट घरात शिरून चुलीशेजारी जाऊन बसलेली वस्तू कोणती, असं विचारलं तर मोबाइलच्या खालोखाल गॅसच्या टाकीचंच नाव घ्यावं लागेल. ती कशी वापरावी याच्या सूचना कार्डावर छापलेल्या असतात, वितरकाच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात, आणि त्या चुकीच्या नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या सूचना ज्या घरासाठी लिहिल्या गेल्या ते घर आणि अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर इथल्या पाड्यांवरचं घर एक नाही. सूचनांमधल्या घराला ओटा आहे, खिडकी आहे आणि त्या घरात चूल नाही. हा फरक आपण बाईच्या सावधपणाने भरून काढू पाहतो आहोत. तो तसा भरून निघणार नाही. त्यासाठी घराची मांडणी बदलावी लागेल, आणि ते वाटतं तितकं खर्चाचंही नाही.

ओट्यापासून सुरुवात करू. घरगुती गॅस आपल्याकडे पहिल्यांदा मुंबईत आला, १९५५ साली, बर्मा शेल कंपनीमार्फत. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, कोलकात्यात इंडेन आला. शहरी मराठी घरात त्या काळात एक मोठी घडामोड शांतपणे होत होती. पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला होता. सिमेंटचा, मग कडाप्प्याचा ओटा आला आणि त्यावर शेगडी चढली. चूल मागे पडली, काही घरांत कोळशाची शेगडी पाणी तापवायला उरली, तीही न्हाणीघराकडे गेली. म्हणजे शहरात गॅस आला तेव्हा त्याला लागणारं घरही त्याच्याबरोबर घडत गेलं. ओटा सोय म्हणून आला, सुरक्षेसाठी कुणी मुद्दाम बांधला नाही. पण सुरक्षेचं निम्मं काम त्याने न बोलता उरकलं. नंदुरबारला ही जोडी मिळाली नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत, आठ कोटावी जोडणी देऊन तिचं पहिलं उद्दिष्ट पुरं झालं. सव्वातीन-साडेतीन वर्षांत आठ कोटी! वितरणाच्या दृष्टीने हा पराक्रमच आहे आणि त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण टाकी, रेग्युलेटर, नळी आणि शेगडी हे चार जिन्नस पोचले. पाचवा, म्हणजे ओटा, कुणाच्याच यादीत नव्हता.

आता सातपुड्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. लाकडी खांब, कुडाच्या किंवा बांबूच्या तट्ट्यांच्या शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. एका अंगाला गुरं, दुसऱ्या अंगाला चूल, आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली. सगळा स्वयंपाक जमिनीवर बसून. अशा घरात शेगडी आली की ती साहजिक जमिनीवर ठेवली जाते, आणि टाकी तिच्या शेजारी. टाकी शेगडीपेक्षा उंच, शेगडी टाकीच्या पायाशी. सूचना नेमकं उलट सांगते: टाकी जमिनीवर उभी आणि शेगडी तिच्या माथ्याच्या वर. हा नियम शोभेचा नाही. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड असतो, ब्यूटेन दुपटीने. आपल्या टाकीत या दोहोंचं मिश्रण असतं. गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो, उंबरठ्याशी तुंबतो, पसरतो. शेगडी अडीच फुटांच्या ओट्यावर असेल तर तिची ज्योत या थरापासून काही अंतर राखून असते. शेगडी जमिनीवर असेल तर ज्योत त्या थरातच पेटलेली असते.

यात थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा बाय दहाची, आठ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण साडेबावीस घनमीटर हवा मावते. हा गॅस हवेत शेकडा दोनच्या आसपास मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. तो खोलीभर सारखा पसरला असता तर तेवढ्यासाठी जवळपास एक किलो गॅस सुटावा लागला असता, आणि एवढं होईतो वासाने घर डोक्यावर घेतलं असतं. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, कुजक्या कोबीसारख्या वासाचं. पण गॅस सारखा पसरत नाही. जमिनीलगतचा एका फुटाचा थर धरला तर सव्वाशे ग्रॅम पुरतात. आणि मोठा बर्नर न पेटवता पूर्ण उघडा राहिला तर तासाभरात दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस सोडतो. हिशेब ढोबळ आहे, वाऱ्याच्या एका झुळकीने तो बदलेल. पण किलो आणि सव्वाशे ग्रॅम यांतलं अंतर ध्यानात ठेवावं. टाकीत १४.२ किलो असतात. संकट यायला त्यातला शंभरावा भागही लागत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. कुडाचं घर सिमेंटच्या खोलीपेक्षा कितीतरी मोकळं असतं, तट्ट्यांतून आणि कौलांच्या फटींतून हवा खेळती असते, मग गॅस तुंबेल कसा? फटी आहेत हे खरंच. पण त्या वर आहेत. धूर जावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे घर असं बांधलं गेलं: कौलांखाली मोकळं, जमिनीलगत लिंपलेलं. थंडी, पावसाचे शिंतोडे, विंचू-साप, सगळं खालून येतं, म्हणून भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग बाई सर्वांत जास्त मायेने लिंपते. धुरासाठी हे घर शहाणपणाचं आहे. जड गॅससाठी त्याची उघडझाप नेमकी उलटी पडते. तळाशी, जमिनीला टेकून, वीतभर जाळीची एक खिडकी ठेवली तर काम होतं.

पण माझ्या मते ओटा आणि खिडकी यांहून अवघड बाब तिसरी आहे: चूल. सगळ्या सूचना हे गृहीत धरून चालतात की गॅस आला म्हणजे चूल गेली. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका, चालूही करू नका आणि बंदही करू नका. म्हणजे घरात ठिणगी नाही, ती माणूसच निर्माण करणार, असं समजून हे लिहिलेलं आहे. इथे ठिणगी आधीपासून घरात असते, राखेखाली. सकाळच्या भाकरी झाल्या की विस्तव राखेने झाकून ठेवायचा आणि संध्याकाळी फुंकणी मारून जागा करायचा, ही काटकसर आजही चालू आहे. लाल निखारा सहाशे अंशांच्या पुढे तापलेला असतो. गॅसचं मिश्रण पेटायला चारशे ते सहाशे अंश पुरतात. वरून राख थंड, पांढरी, निरुपद्रवी दिसते. बाईने काडी ओढली नाही, बटणाला हात लावला नाही, सूचनेतलं सगळं पाळलं, तरी तिच्यापासून चार हातांवर पेटण्याची सोय तयारच आहे.

मग चूल काढून टाका, असं कुणी म्हणेल. काढून टाका म्हणणं सोपं आहे. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांचा हिशेब मांडला. डिसेंबर २०१८ अखेर एका घरात वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या भरून घेतल्या जात होत्या. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, तीतही वर्षाला तीनच टाक्या मोफत आहेत. पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक तीन टाक्यांवर वर्षभर निघत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही कागद-पेन्सिलीशिवाय कळतं. म्हणजे बाकीचा स्वयंपाक चुलीवर होतो. शहाद्या-तळोद्याच्या सपाटीवर पऱ्हाट्या आणि तुराट्या आहेत, वर डोंगरात जळाऊ लाकूड आहे. चहा, भाजी, लेकराचं दूध गॅसवर आणि ज्वारी-मक्याची भाकरी, कार्यप्रसंगाचा मोठा स्वयंपाक चुलीवर, अशी वाटणी घराघरांत आपोआप झालेली दिसते. तिच्यात हिशेब आहे, चवही आहे. सरकारी कागदावर हे घर ‘धूरमुक्त’ असतं. प्रत्यक्षात ते दोन आगींचं घर असतं, आणि दोन आगींच्या घरासाठी कुणी सूचना लिहिलेल्या नाहीत. मी लिहायला बसलो तर पहिली ही लिहीन: टाकी बदलायची ती पहाटे, चूल पेटण्याआधी, राख बोटभर उकरून विस्तव नाही याची खात्री करून, दार उघडं ठेवून. आणि दुसरी: चूल पडवीत. बऱ्याच घरांत उन्हाळ्यात ती तशीही बाहेर येतेच. पावसाळ्यात आत जाते, तेव्हा दोन्ही आगींमध्ये निदान एक भिंत असावी.

कमी वापराची आणखी एक बाजू आहे, जी सहसा लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, गॅस कमी जाळला तर धोकाही कमी. तसं नाही. नारिंगी रंगाची, आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ही पाच वर्षं कॅलेंडरने मोजायची, टाक्यांनी नाही. उज्ज्वलाच्या पहिल्या लाटेतल्या, म्हणजे २०१६ ते २०१९ दरम्यानच्या नळ्यांची मुदत २०२१ ते २०२४ मध्ये भरली. ज्या बाईने त्या काळात पंधरा टाक्याच संपवल्या तिला आपली शेगडी अजून नवीनच वाटते, कारण तिच्या लेखी ती नवीनच आहे. रबराला ते ठाऊक नसतं. शेगडी आठ-आठ दिवस पेटली नाही की बर्नरखालच्या हवेच्या नळकांड्यात कोळी जाळं विणतो. हवा कमी पडते, ज्योत निळीची पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी होतात आणि कधी आग बर्नरवर न पेटता खाली बटणापाशी पेटते. शिवाय हाताची सवय. शहरातली बाई वर्षात सात-आठ वेळा टाकी बदलते, इथली तीन वेळा. रेग्युलेटर नीट बसल्याचा तो ‘खट्’ असा आवाज चार महिन्यांनी एकदाच ऐकू येत असेल तर हात दर वेळी नवशिकाच राहतो.

तेल कंपन्यांनी अलीकडे घरोघरी मोफत तपासणी आणि सवलतीत नळी बदलण्याची मोहीम राबवली, हे योग्यच झालं. पण पाड्यावर टाकी पोचते कशी, हेही पाहायला हवं. २००९ मध्ये राजीव गांधी ग्रामीण एलपीजी वितरक योजना आली, तिच्यात घरपोच टाकी देण्याचं बंधन नव्हतं. गोदामावर या, पैसे द्या, टाकी न्या. डोंगराळ भागासाठी ती सवलत समजण्यासारखी होती, नाहीतर वितरक मिळालाच नसता. परिणाम असा, की शहरात टाकी आणून देणारा माणूस जे करणं अपेक्षित आहे, म्हणजे सील काढणं, पांढरी टोपी काढून वॉल्व्हच्या आतली रबरी चकती जागेवर आहे का हे पाहणं, गळती तपासणं, वजन दाखवणं, ते पाड्यावर कुणीच करत नाही. टाकी जीपच्या टपावरून किंवा मोटारसायकलच्या मागे आडवी बांधून येते. ती आल्यावर तास-दोन तास उभी राहू द्यावी, साबणाचा फेस वॉल्व्हवर, रेग्युलेटरच्या सांध्यावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर लावावा. फुगे आले की गळती. काडी ओढून तपासणारे शूर लोक अजून आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. टाकीच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, बी दुसरी, सी तिसरी, डी चौथी. ‘सी २९’ म्हणजे या टाकीची पुढची चाचणी २०२९ च्या जुलै ते सप्टेंबरात. ती उलटून गेलेली टाकी गोदामावरच नाकारता येते. एवढी साधी खूण आश्रमशाळेतल्या पोराला एका तासात शिकवता येईल, आणि टाकी आणायला बापाबरोबर बहुधा तोच गेलेला असतो.

आता मुख्य आक्षेप. हे सगळं प्रशिक्षणाने होईल, बायकांना नीट शिकवा, असं म्हटलं जातं. शिकवायला माझा विरोध नाही. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्या घरात छापील मराठी कार्डापेक्षा गावातल्या बाईने बोलून दाखवलेलं शंभर पटीने बरं. पण ‘बायकांना शिकवा’ या वाक्यात एक गृहीत लपलेलं असतं, की अपघात झाला तो तिच्या चुकीने. याची आपल्याला जुनी सवय आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली मराठी वर्तमानपत्रं काढा. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी एका ठरावीक साच्यात छापली जाई, आणि तिचा पदर पेटला होता एवढं सांगितलं की कुणी पुढे विचारत नसे. स्त्री चळवळीने विचारलं. १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. त्या बातम्यांतले कितीतरी भडके अपघात नव्हतेच, आणि जे होते त्यांत स्टोव्ह कसा होता, तो कुठे ठेवला होता, याची चौकशी होत नसे. गॅसच्या बाबतीत हाच साचा पुन्हा वापरू नये. कारखान्यात यंत्राने कामगाराचा हात गेला तर आपण आधी यंत्राला जाळी होती का ते विचारतो. स्वयंपाकघरात मात्र आधी बाईचं लक्ष कुठे होतं ते विचारतो.

दुसरं टोकही ऐकू येतं: एवढा धोका असेल तर गॅस दिलाच कशाला, चूल काय वाईट होती? वाईट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं दगावली. ती भडक्याने गेली नाहीत, खोकत खोकत गेली, म्हणून त्यांची बातमी झाली नाही. गॅस हवाच. तो ज्या घरात जातो ते घर त्याला साजेसं हवं, एवढाच मुद्दा आहे.

आणि हे घर बांधण्याची सोय सरकारी कागदांत आधीच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने घरकुलाचं किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर केलं, ते स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरून. डोंगराळ भागात एका घरकुलाला १ लाख ३० हजार रुपये मिळतात. उज्ज्वलाची जोडणी त्याच घराला जोडून द्यावी असंही त्या योजनेत म्हटलेलं आहे. दोन योजना, एकच घर, आणि तरी ओटा निसटला. कारण एका खात्याच्या लेखी ते बांधकाम आणि दुसऱ्याच्या लेखी ते इंधन. हप्ता सोडताना पाया, जोतं, छप्पर यांचे फोटो काढले जातात. त्यात ओट्याचा एक फोटो वाढवावा. अडीच फूट उंच, वर शहाबादी फरशी, खाली टाकी उभी राहील एवढी मोकळी जागा, तिला दार नको, आणि मागच्या भिंतीत जमिनीलगत जाळी. घरकुल नसेल तिथे दगड-मातीचा ओटाही चालतो. बाया चुलीचा वैल हाताने घडवतात, ओटा त्याहून अवघड नाही. उभ्याने भाकरी थापवत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. भाकरी पडवीतल्या चुलीवर बसूनच होऊ द्या. ओट्यावर चहा आणि भाजी झाली तरी तेवढ्याने टाकी आणि ज्योत यांची जागा पालटते.

दुर्घटना झालीच तर काय, हे थोडक्यात सांगतो. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो. मोबाइलला रेंज नाही अशा पाड्यावर मात्र आधी रेग्युलेटर बंद, वॉल्व्हवर टोपी आणि टाकी उचलून अंगणाबाहेर, फोन नंतर. टोपी दोरीने टाकीलाच बांधून ठेवलेली असते ती याचसाठी. ती तोडून पोरांना खेळायला देऊ नये. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरवलेला असतो, ग्राहकाकडून एक पैसा न घेता. त्यात मृत्यू झाल्यास माणशी सहा लाख रुपये, उपचारासाठी माणशी दोन लाखांपर्यंत आणि घराच्या नुकसानीसाठी दोन लाखांपर्यंत तरतूद आहे. त्यासाठी वितरकाला लगेच कळवावं लागतं. ही माहिती कार्डावर भिंगाने वाचण्याइतक्या अक्षरांत असते, आणि गॅस ‘फुकट मिळालेला’ म्हणून आपला काही हक्क नाही, असं समजणारी घरं दावाच करत नाहीत.

शेवटी त्या घरांबद्दल, जी वर्षातले काही महिने बंद असतात. दिवाळीनंतर या जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने बारडोलीकडच्या खानदेशी तोडकऱ्यांवर लिहिलं त्याला पन्नास वर्षं होत आली, आणि वाट अजून तीच आहे. मागे राहिलेल्या टाकीची नळी उंदीर कुरतडतात. होळीला माणसं परततात, बंद दार उघडतात, आणि पहिली गोष्ट चूल पेटवतात. जाताना रेग्युलेटर काढून, टोपी लावून, नळी वर टांगून ठेवणं आणि येताना आधी दार तासभर उघडं टाकणं, एवढं टोळीच्या मुकादमाने सांगितलं तरी लोक ऐकतील. पण जे टाकी बरोबर घेऊन जातात, किंवा तिकडे पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळणारी पाच किलोची छोटी टाकी विकत घेतात, त्यांचं घर तिथे ताडपत्रीची कोपी असतं, आत वाकूनच शिरावं लागेल एवढी. तिला ओटा बांधा असं कुणाला सांगणार? तिथे मांडणी साखर कारखान्याच्या हातात आहे. पडाव कुठे पडणार, किती कोप्या लागणार, हे हंगामाआधी त्याला माहीत असतं. वजनकाट्याजवळ ट्रकांसाठी शेड उभारता येते. तशीच एक पत्र्याची उघडी शेड, खाली सिमेंटचा लांब ओटा, दहा शेगड्यांपुरता, पडावाच्या मधोमध उभारायला उसाच्या एका खेपेचे पैसेही बहुधा पुरे होतील.